हृदयाची बिघडलेली लय आणि शस्त्रक्रियेचे पर्याय



आमच्या आरोग्य शिबिरात दरवर्षी शेकडो माणसे रक्तदाब आणि साखर तपासून घेतात. बहुतेक जण आकडा विचारतात, कागद खिशात घालतात आणि निघून जातात. नाडी मात्र कोणी विचारत नाही. आम्ही हातावर बोटे ठेवली की लोक हसतात आणि म्हणतात, "मशीन असताना नाडी कशाला?" पण काही आजार असे आहेत की, ते बोटांना आधी कळतात आणि माणसाला नंतर. हृदयाची लय बिघडणे हा त्यांपैकी एक. या आजाराची ओळख करून द्यावी आणि त्यावर शस्त्रक्रियेचे कोणते मार्ग आहेत हे सोप्या भाषेत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय निवडण्यास एक भगिनी कारण झाल्या. वय चाळिशीच्या आसपास. चार घरची धुणी-भांडी करून त्यांनी मुले शिकवली. जिना चढताना दम लागे, छातीत धडधड होई. रुग्णालयात झडप अरुंद झाल्याचे आणि ठोके अनियमित असल्याचे निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांत बरे वाटू लागले तशी रक्त पातळ करण्याची गोळी त्यांनी बंद केली. दर महिन्याला रक्त तपासायला जायचे म्हणजे एक दिवसाचा खाडा, आणि खाडा म्हणजे पगारात कपात. काही महिन्यांनी एके दिवशी सकाळी चहाचा कप हातातून गळून पडला. उजवा हात उचलेना, जीभ जड झाली. घरच्यांपैकी कोणी अंगारा आणायला निघाले, कोणी तेल चोळू लागले. त्यात चार-पाच तास गेले.

नंतर त्यांच्या मुलाने आम्हाला विचारले, "आईचे ऑपरेशन वेळेवर झाले असते तर हे टळले असते का?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते नीट समजून घेण्यासाठी सुरुवातीपासून जावे लागेल.

हृदयाचा ठोका कसा पडतो ?

आपल्या हृदयात चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. अलिंदे रक्त गोळा करून खाली ढकलतात आणि निलय ते फुप्फुसांकडे व सर्व शरीराकडे पाठवितात. हे काम ठेक्यात चालावे म्हणून हृदयात स्वतःचीच विजेची व्यवस्था आहे. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथून विद्युत संदेश निघतो, दोन्ही अलिंदांत पसरतो, मधल्या केंद्रापाशी क्षणभर थांबतो आणि मग निलयांत उतरतो. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाच्या हृदयाचे मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात. हॉलंडमधील शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी हे विद्युत संदेश कागदावर उतरविण्याचे यंत्र विकसित केले. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला ईसीजी म्हणतो, तो हाच.

लय बिघडते म्हणजे काय होते ?

लय तीन प्रकारे बिघडू शकते. ठोके फार मंद होतात, फार जलद होतात, किंवा त्यांत काही मेळच राहत नाही. या तिसऱ्या प्रकारात सर्वांत अधिक आढळणारा आजार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात अलिंदे आकुंचन न पावता नुसती थरथरतात. मिनिटाला ३५० हून अधिक विस्कळीत संदेश उठतात. मधले केंद्र त्यांतील काहीच खाली सोडते, म्हणून नाडी जलद आणि बेताल लागते.

धडधड आणि दम यांचा त्रास तर होतोच, पण खरा धोका वेगळा आहे. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून राहते. डाव्या अलिंदाला बोटासारखी एक लहान पिशवी असते, तिच्यात रक्ताची गुठळी होण्याचा संभव मोठा असतो. ही गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की अर्धांगवायूचा झटका येतो. या आजारात असा झटका येण्याचा धोका साधारण पाचपट वाढतो. त्या भगिनींच्या हातातला कप गळाला तो याच कारणाने.

वाढते वय, रक्तदाब, लठ्ठपणा, दारू, थायरॉईडचा विकार ही या आजाराची कारणे जगभर सारखीच आहेत. आपल्याकडे त्यांत आणखी एकाची भर पडते, ते म्हणजे संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप. लहानपणी घसा सुजतो, मग सांधे धरतात, ताप येतो आणि जातो. पण तो जाताना हृदयाच्या झडपेवर घाव ठेवून जातो. दहा-वीस वर्षांनी झडप अरुंद होते, मागे साचणाऱ्या रक्ताने डावे अलिंद फुगते आणि थरथरू लागते. हा आजार दाटीवाटीच्या वस्तीत, एका खोलीत आठ माणसे राहतात तेथे अधिक होतो. म्हणून तो आपल्या घरातला प्रश्न आहे.

आधी औषधे, मग शस्त्रक्रिया

लय बिघडलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असे मुळीच नाही. उपचाराची तीन उद्दिष्टे असतात : ठोक्यांची गती आवरणे, जमल्यास लय पूर्ववत करणे आणि गुठळी होऊ न देणे. पहिल्या दोन गोष्टींसाठी गोळ्या आहेत, तसेच भूल देऊन छातीवर नियंत्रित विद्युत झटका देण्याची पद्धतही आहे. तिसऱ्यासाठी रक्त पातळ करण्याची औषधे आहेत. औषधांनी भागत नसेल, ती सोसत नसतील, किंवा झडपेसारख्या दुसऱ्या कारणासाठी हृदय उघडावेच लागणार असेल, तेव्हा पुढील पर्यायांचा विचार होतो.

१) मेझ शस्त्रक्रिया

मेझ म्हणजे चक्रव्यूहासारखी वाट. अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. जेम्स कॉक्स यांनी २५ सप्टेंबर १९८७ रोजी ही शस्त्रक्रिया प्रथम माणसावर केली. तिच्यामागचा विचार साधा आहे. थरथरणाऱ्या अलिंदात विद्युत लहरी गोल गोल फिरत राहतात. अलिंदाच्या भिंतीवर ठरावीक रेषांत छेद घेऊन ते पुन्हा शिवले तर तेथे व्रण तयार होतात. व्रणातून वीज जात नाही, त्यामुळे लहरीला गोल फिरायला जागा उरत नाही. मात्र मूळ केंद्रापासून मधल्या केंद्रापर्यंत एक वाट मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. गल्लीबोळांच्या वस्तीत बाकीच्या गल्ल्या बंद करून हमरस्ता तेवढा खुला ठेवावा, तसेच हे आहे.

मूळ शस्त्रक्रिया फार किचकट होती. हृदय थांबवून, रक्ताभिसरण यंत्रावर घेऊन बराच वेळ शिवण घालावी लागे. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. २००२ पासून रूढ झालेल्या चौथ्या आवृत्तीत बहुतेक छेदांऐवजी रेडिओ लहरींची उष्णता किंवा अतिशीत सळई वापरून व्रणरेषा आखतात. त्यामुळे वेळ वाचतो आणि रक्तस्रावाचा धोका कमी होतो.

२) झडपेच्या शस्त्रक्रियेबरोबर लयीचा उपचार

आपल्या दृष्टीने हा पर्याय सर्वांत महत्त्वाचा आहे. झडप दुरुस्त करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी छाती उघडायचीच असेल, तर त्याच वेळी व्रणरेषा आखता येतात. याचा उपयोग किती, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तपासले गेले. मायट्रल झडपेची शस्त्रक्रिया होणारे आणि लय कायम बिघडलेले २६० रुग्ण त्यात होते. निम्म्यांची फक्त झडपेची शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांची लयीसकट. सहा आणि बारा महिन्यांनी तपासले तेव्हा लयीचा उपचार झालेल्यांपैकी ६३ टक्के फिब्रिलेशनमुक्त होते, तर न झालेल्यांपैकी २९ टक्के.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लयीचा उपचार झालेल्या गटात नंतर पेसमेकर बसवावा लागण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या अडीचपटीहून अधिक होते, आणि एका वर्षातील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे फायदा आहे, पण तो फुकट नाही. शिवाय अलिंद फार फुगलेले असेल किंवा लय बिघडून बरीच वर्षे झाली असतील, तर यश कमी मिळते.

३) डाव्या अलिंदाची पिशवी बंद करणे

गुठळी बहुधा या पिशवीत होते, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी ती कापून, शिवून किंवा क्लिप लावून बंद करतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४,८११ रुग्ण होते. हे सर्व जण दुसऱ्या कारणासाठी हृदयाची शस्त्रक्रिया होणारे आणि फिब्रिलेशन असलेले होते. सुमारे पावणेचार वर्षांत पिशवी बंद केलेल्यांपैकी ४.८ टक्के लोकांना अर्धांगवायूचा झटका किंवा अन्यत्र गुठळी अडकण्याचा त्रास झाला. पिशवी तशीच ठेवलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या अभ्यासातील बहुतेक रुग्ण रक्त पातळ करण्याच्या गोळ्याही घेत होते. पिशवी बंद झाली म्हणून गोळी बंद, असा याचा अर्थ नाही.

रक्त पातळ करणारी औषधे दीर्घकाळ चालणारच नाहीत अशा काही रुग्णांत जांघेतील शिरेतून छत्रीसारखे उपकरण नेऊनही ही पिशवी बंद करतात. मात्र झडप अरुंद झालेल्या रुग्णांसाठी हा मार्ग सहसा निवडला जात नाही.

४) छाती न उघडता केलेला उपचार

१९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, थरथर सुरू करणारे चुकार ठोके बहुधा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उठतात. त्यानंतर कॅथेटर ॲब्लेशनची पद्धत झपाट्याने पसरली. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन त्या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने किंवा शीत फुग्याने व्रणाचे कडे करतात. गेल्या काही वर्षांत अतिसूक्ष्म काळाच्या विद्युत स्पंदांचीही पद्धत आली आहे. छातीवर छेद नसतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. अधूनमधून लय बिघडणाऱ्या, झडपा ठीक असलेल्या रुग्णांना याचा चांगला उपयोग होतो. काहींना ही क्रिया दुसऱ्यांदा करावी लागते. जांघेत रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणे, अर्धांगवायू असे धोके थोड्या रुग्णांत संभवतात.

याखेरीज बरगड्यांमधील लहान छिद्रांतून दुर्बिणीने करण्याची शस्त्रक्रियाही आहे. तिने लय टिकण्याची शक्यता वाढते, पण नळीच्या उपचारापेक्षा गुंतागुंतही अधिक होते.

५) पेसमेकर आणि झटका देणारे यंत्र

पेसमेकरविषयी लोकांत बराच गैरसमज आहे. हे यंत्र मुख्यतः मंद ठोक्यांसाठी असते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये डॉ. ओके सेनिंग यांनी रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तयार केलेला पेसमेकर आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसविला. शरीरात पूर्णपणे बसविलेला तो जगातील पहिला पेसमेकर. ते पहिले यंत्र काही तासच चालले. पण यंत्रे बदलत बदलत लार्सन २००१ सालापर्यंत जगले.

एट्रियल फिब्रिलेशनमधील थरथर पेसमेकरने थांबत नाही. परंतु कोणत्याच औषधाने गती आवरत नसेल, तर मधले केंद्र नळीने निकामी करून निलयांचे ठोके पेसमेकरवर सोपवितात. अशा रुग्णाला पुढे जन्मभर पेसमेकरवर अवलंबून राहावे लागते, म्हणून हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

खालच्या निलयांतून उठणारी जलद लय याहून घातक असते. तिच्यात माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. डॉ. मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून आपोआप झटका देणारे यंत्र तयार झाले आणि १९८० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ते प्रथम माणसाच्या शरीरात बसविले गेले. घातक लय ओळखून ते आतल्या आत झटका देते आणि ठोका पूर्ववत करते.

गोळी सुटत नाही

आता आम्हाला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते सांगतो. यांपैकी कोणतीही शस्त्रक्रिया झाली तरी रक्त पातळ करण्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. धातूची झडप बसविली असेल तर ती गोळी जन्मभर घ्यावी लागते. संधिवाताने झडप बिघडलेल्या आणि फिब्रिलेशन असलेल्या रुग्णांवरील एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. रक्ताची वारंवार तपासणी न लागणारे नवे औषध आणि वॉरफरिनच्या जातीचे जुने, स्वस्त औषध यांची त्यात तुलना होती. जुने औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा महाग ते चांगले, हा समज येथे लागू पडत नाही.

या जुन्या औषधासाठी आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी नियमित करावी लागते. आकडा खाली गेला तर गुठळी होते, फार वर गेला तर रक्तस्राव होतो. हिरव्या पालेभाज्या खाव्यात, पण रोजच्या प्रमाणात एकदम फरक करू नये. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, काढा, चूर्ण काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दात काढण्यापूर्वी सांगावे. मूल हवे असलेल्या भगिनींनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण हे औषध गर्भाला अपाय करू शकते.

डॉक्टरांना काय विचारावे ?

मोठ्या डॉक्टरांसमोर आपली माणसे गप्प बसतात आणि दाखवतील तेथे अंगठा किंवा सही करतात. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे. पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

(१) माझी लय कोणत्या प्रकारची आहे आणि कधीपासून बिघडली आहे ?
(२) माझी झडप, अलिंदाचा आकार आणि हृदयाची ताकद कशी आहे ?
(३) झडपेचे ऑपरेशन होणारच असेल, तर त्याच वेळी लयीचा उपचार करता येईल का ? पिशवी बंद करणार का ?
(४) माझ्यासारख्या रुग्णात यश किती आणि धोका किती ?
(५) नंतर पेसमेकर लागण्याचा संभव किती ?
(६) गोळ्या किती काळ चालतील आणि तपासणी कोठे होईल ?

खर्चाच्या भीतीने अनेक जण शेवटपर्यंत थांबतात. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. आपला उपचार योजनेत बसतो की नाही, कोणती कागदपत्रे लागतात, हे भरती होण्यापूर्वी त्यांना विचारावे. मोठ्या शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात होत नाहीत, असेही समजू नये. देशातील पहिले हृदय प्रत्यारोपण डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या के.ई.एम. या महापालिकेच्या रुग्णालयात केले होते. तो रुग्ण वाचू शकला नाही, परंतु गोरगरिबांच्या रुग्णालयात केवढे धाडस होऊ शकते हे त्या दिवशी दिसले.

आपल्या हातात काय आहे ?

मुलाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे आणि प्रतिजैविकाचा पूर्ण डोस द्यावा. संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चुकवू नये. इंजेक्शन काही रुपयांचे असते, झडप लाखांची. पन्नाशीनंतर महिन्यातून एकदा तरी स्वतःची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवावीत. ठोके बेताल लागले तर ईसीजी काढून घ्यावा. आणि तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी १०८ क्रमांकावर फोन करावा. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ते तास अंगाऱ्या-धुपाऱ्यात घालवू नयेत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. ऑपरेशन वेळेवर झाले असते तर धोका कमी झाला असता, हे खरे. पण त्याहून आधी, रोजची गोळी चालू राहिली असती तर धोका कितीतरी कमी झाला असता. आणि त्याच्याही आधी, बालपणी त्या घशाचा इलाज झाला असता तर कदाचित काहीच घडले नसते. पुढे त्या भगिनींची झडप बदलली. तेव्हा मुलाने कागदावर लिहून नेलेला प्रश्न शल्यचिकित्सकांना विचारला आणि लयीचा उपचार व पिशवी बंद करणे ही दोन्ही कामे त्याच वेळी झाली. आज त्यांची नाडी नियमित लागते. उजव्या हाताने त्या जेवू शकतात, पिळून कपडे वाळत घालणे मात्र जमत नाही. धातूची झडप असल्याने गोळी चालूच आहे. महिन्याच्या तपासणीला मुलगा किंवा सून सोबत जाते, आणि त्या दिवसाचा खाडा घरातील सर्वांनी मिळून वाटून घेतला आहे.

हा खाडा वाटून घेणे एका घराला जमले, ते प्रत्येक वस्तीला जमू शकते. आपल्या शेजारी कोणाची गोळी सुटली आहे, कोणाची तपासणी चुकली आहे, याची चौकशी करणे हेही समाजकार्यच आहे. हा लेख वाचून एकाने जरी आज आपल्या आई-वडिलांची नाडी पाहिली, तरी आमचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.